पहिली मुलाखत शेवटपर्यंत न्या: विद्यापीठ ग्रंथालयात मौखिक इतिहासाचा सुगम डिजिटल संग्रह उभारताना

मौखिक इतिहासाचा, म्हणजे लोकांच्या आठवणी मुलाखतींतून नोंदवण्याचा, प्रकल्प हाती घेतलेल्या ग्रंथालयांत एक चूक वारंवार होते. आधी सगळ्या मुलाखती रेकॉर्ड करू, शब्दांकन (बोलणं जसंच्या तसं लिहून काढणं) नंतर, कॅप्शन त्यानंतर, आणि अंध किंवा कर्णबधिर वाचकांना काय लागेल ते, म्हणजेच सुगमता, सगळ्यांत शेवटी, असा बेत ठरतो. निधी आणि माणसं पहिल्या टप्प्यातच संपतात. मग शे-दीडशे तासांचं बोलणं हार्ड डिस्कवर पडून राहतं. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी ते नसल्यातच जमा, आणि ज्याला ऐकू येतं त्यालाही दीड तासाच्या फाइलमध्ये हवा तो प्रसंग सापडत नाही.

म्हणून सुरुवातीला एकच मुलाखत घ्या, आणि तिच्यासोबत मिळालेले दहा-बारा फोटो, पत्रं, कात्रणं. संमतीपत्रापासून ते स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्या वाचकाने ती मुलाखत स्वतः शोधून वाचेपर्यंतचा सगळा रस्ता तिला चालवा. दुसरी मुलाखत त्यानंतर. तासाभराच्या बोलण्यामागे एकूण पंचवीस ते तीस तासांचं काम धरा: पूर्वतयारी आणि भेट, रेकॉर्डिंगचा अर्धा दिवस, शब्दांकनाचे सहा ते आठ तास, ऐकून तपासणी, सूची, नोंदणी, चाचणी. हा हिशेब आधी मांडला की ‘वर्षभरात शंभर मुलाखती’ असली उद्दिष्टं आपोआप गळून पडतात.

संमती: एक सही पुरत नाही

संमती दोनदा घ्यायची. रेकॉर्डिंगच्या आधी एकदा, आणि शब्दांकन वाचून झाल्यावर पुन्हा एकदा. बोलण्याच्या ओघात माणूस शेजाऱ्याचं आजारपण सांगून जातो, भावाशी झालेला वाद सांगतो. कागदावर ते वाचल्यावरच त्याला त्याचं वजन कळतं.

संमतीपत्रात एकच ‘मला मान्य आहे’ ठेवू नका. ग्रंथालयात जतन करणं, वाचनकक्षात ऐकवणं, इंटरनेटवर टाकणं, वर्गात उतारे वापरणं आणि शब्दांकनासाठी ध्वनी बाहेरच्या संगणकीय सेवेकडे पाठवणं, या प्रत्येकासमोर वेगळा हो-नाहीचा चौकोन हवा. शेवटचा चौकोन हल्ली सर्रास विसरला जातो. नाव जाहीर करायचं की टोपणनाव वापरायचं, हेही तिथेच विचारा. निवेदकाच्या, म्हणजे मुलाखत देणाऱ्याच्या, शब्दांवर हक्क निवेदकाचा असतो, आणि बऱ्याच ठिकाणी प्रश्न विचारणाऱ्याचाही धरला जातो. म्हणून मुलाखत घेणाऱ्या विद्यार्थ्याचीही सही घ्या. ही सही राहिली, तर तो विद्यार्थी पाच वर्षांनी शोधूनही सापडत नाही आणि प्रकाशन अडतं.

संमतीपत्रसुद्धा सुगम असावं. मोठ्या टाइपातली, १८ पॉइंटची एक प्रत ठेवा. स्क्रीन रीडरने वाचता येईल अशी फाइल आधी पाठवा. वाचता न येणाऱ्या निवेदकाला सगळं पत्र मोठ्याने वाचून दाखवा आणि त्याची तोंडी संमती रेकॉर्ड करा. ‘अमुक वर्षापर्यंत उघडू नये’ असं कोणी सांगितलं, तर ती तारीख संग्रहाच्या नोंदीत घाला. ती फक्त एका कर्मचाऱ्याच्या लक्षात राहिली, तर त्याच्या बदलीबरोबर तीही जाते.

रेकॉर्डिंग: सुगमता इथेच सुरू होते

स्वच्छ आवाज ही पहिली सुगमता. श्रवणयंत्र वापरणाऱ्या माणसाला पंख्याच्या घरघरीतून शब्द वेगळा काढणं फार कठीण जातं, आणि शब्दांकन करणाऱ्या माणसाला आणि यंत्रालाही तेच जड जातं. त्यामुळे खोली निवडताना आधी कान द्या: पंखा, फ्रिज, वातानुकूलन, ट्यूबलाइटची गुणगुण, रस्त्याकडची खिडकी. पडदे, गादी, पुस्तकांची कपाटं असलेली खोली चांगली. उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशी असेल तर आवाज घुमतो, आणि घुमलेला आवाज नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने पुरता सुधारत नाही.

निवेदकाला एक माइक, मुलाखतकाराला दुसरा, आणि दोन्ही वेगळ्या ट्रॅकवर. दोघं एकदम बोलले तरी शब्द वेगळे काढता येतात. कपड्याला लावायचा माइक हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर असावा. तो साडीच्या पदराला, ओढणीला किंवा गळ्यातल्या माळेला घासत नाही ना, ते पाहा. टेबलावरचा माइक असेल तर त्याखाली घडी केलेला टॉवेल ठेवा, नाहीतर टेबलावर बोट वाजलं की ढोल वाजल्यासारखं ऐकू येतं.

फाइल वेव्ह प्रकारात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर घ्या. एका ट्रॅकला तासाला सुमारे ५२० एमबी लागतात, दोन ट्रॅकना १ जीबीहून थोडं जास्त. एमपी३ मध्ये थेट रेकॉर्ड करू नका: जागा वाचवताना तो प्रकार ध्वनीचा काही भाग कायमचा टाकून देतो. वेव्ह फाइल साधारण ४ जीबीच्या पुढे जात नाही, म्हणून पुष्कळ रेकॉर्डर २ किंवा ४ जीबीला नवी फाइल सुरू करतात. त्या तुकड्यांचा क्रम त्याच दिवशी लिहून ठेवा.

आवाजाची पातळी अशी लावा, की जोरात बोलल्यावरही काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. शून्याला, म्हणजे यंत्राच्या कमाल पातळीला, टेकलेला आवाज फाटतो आणि तो परत जोडता येत नाही; जरा हळू रेकॉर्ड झालेला मात्र वाढवता येतो. रेकॉर्डरमधलं स्वयंचलित पातळी-नियंत्रण बंद करा, कारण निवेदक विचार करायला थांबला की ते पंख्याचाच आवाज वर खेचतं. मग पुढच्या गोष्टी याच क्रमाने करा:

१. एक मिनिट बोलणं रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. पडद्यावर रेषा हलताना दिसली म्हणजे शब्द नीट आला, असं होत नाही.
२. सगळ्यांना गप्प बसवून तीस सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करा. पुढे संपादनात मधली जागा भरायला तीच लागते.
३. सुरुवातीला तारीख, ठिकाण, दोघांची नावं आणि मुलाखतीचा क्रमांक मोठ्याने सांगा. फाइलचं नाव हरवलं तरी ओळख आतच राहते.
४. दर वीस मिनिटांनी बॅटरी आणि कार्डातली जागा पाहा.

मुलाखत घेताना एक सवय मुद्दाम लावून घ्या. निवेदक हाताने दाखवत ‘एवढा मोठा’ म्हणाला, तर लगेच विचारा, ‘म्हणजे गुडघ्याएवढा?’ त्याने फोटो दाखवून ‘ही बघा, ही’ म्हटलं, तर म्हणा, ‘डावीकडून दुसरी, चष्मा घातलेली?’ असा एक प्रश्न केला की पाहू न शकणाऱ्या श्रोत्याला चित्र मिळतं आणि शब्दांकन वाचणाऱ्यालाही. नंतर वेगळं ध्वनिवर्णन (दृश्याचं बोलून केलेलं वर्णन) जोडायला कितीतरी जास्त वेळ लागतो.

निवेदक कर्णबधिर असेल आणि सांकेतिक भाषेत बोलणार असेल, तर मूळ दस्तऐवज व्हिडिओ असतो, दुभाष्याचा आवाज नव्हे. चौकट डोक्याच्या थोडी वरपासून कमरेखालपर्यंत ठेवा, कोपर बाहेर जाता कामा नयेत. मागे साधा, एकरंगी पडदा आणि प्रकाश समोरून. खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळा पडतो आणि चेहऱ्यावरचे भाव हा तर त्या भाषेच्या व्याकरणाचाच भाग आहे. दुभाष्याचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्या, आणि लिखित मजकुराची नोंद ‘शब्दांकन’ अशी न करता ‘भाषांतर’ अशी करा.

नावं आणि प्रती

फाइलच्या नावात लहान रोमन अक्षरं, अंक आणि खालची रेघ एवढंच वापरा. मोकळी जागा नको. क्रम ठरवून टाका: संग्रहाचा संकेत, मुलाखतीचा तीन अंकी क्रमांक, भाग, आणि ही मास्टर (मूळ, जपून ठेवायची) प्रत की वापराची प्रत. तीन अंक अशासाठी, की नुसते २ आणि १० लिहिले तर पुष्कळ ठिकाणी १० आधी लागतो. मराठी शीर्षक नोंदीत द्या, फाइलच्या नावात नको.

कार्डावरून उतरवताना तिथल्या तिथे एसएचए-२५६ चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेला ओळखीचा संकेत) काढा आणि जपून ठेवा. पुढे कधीही पुन्हा काढून ताडून पाहिला, की फाइलमधला एक बिट जरी बदलला असेल तरी कळतं. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत. दोन प्रती ताडून झाल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. क्लाउडवर आपोआप जुळणारा फोल्डर ही राखीव प्रत धरू नका: इकडे चुकून पुसलं की तिकडेही पुसलं जातं.

शब्दांकन

सगळ्यांत जास्त वेळ इथे जातो. आणि तो घालवावाच, कारण कर्णबधिर वाचकासाठी शब्दांकन हीच मुलाखत आहे.

यंत्राकडून कच्चा मसुदा घ्यायला हरकत नाही. २०२२ मध्ये आलेल्या व्हिस्परसारख्या, बोलणं ऐकून लिहिणाऱ्या प्रणाली मराठीही ओळखतात. पण त्यांच्या चुका फसव्या असतात. बोलण्यात मोठा विराम आला की अशी प्रणाली कधीकधी कोणी न बोललेलं वाक्य घालते, आणि ते वाक्य व्याकरणशुद्ध असल्यामुळे नुसतं वाचून पकडता येत नाही. गावांची आणि माणसांची नावं ती ओळखीच्या शब्दांत बदलते. बोलीला प्रमाण भाषेकडे ओढते: निवेदक ‘न्हाई’ म्हणतो आणि कागदावर ‘नाही’ उतरतं. म्हणून नियम असा: मसुदा कोणीही करो, एका माणसाने पूर्ण ध्वनी कानाला लावून ओळ न् ओळ तपासलीच पाहिजे. शक्यतो ती बोली जाणणाऱ्याने.

बोली सुधारू नका. हे ठामपणे सांगायला हवं, कारण शुद्धलेखनाची सवय असलेल्या चांगल्या माणसाचाच हात इथे आपसूक चालतो. शब्द जसा उच्चारला तसा लिहा. शोधणाऱ्याची सोय म्हणून त्याचं प्रमाण रूप सूचीत किंवा विषयशब्दांत द्या. ‘अं’, ‘म्हणजे’ अशा अडखळण्यातलं किती ठेवायचं, ते प्रकल्पाच्या सुरुवातीला एका पानावर ठरवून सगळ्यांना द्या, नाहीतर प्रत्येक मुलाखत वेगळ्या तऱ्हेने उतरते.

प्रत्येक वेळी बोलणाऱ्याचं नाव लिहा. मुलाखतकार निळ्या रंगात आणि निवेदक काळ्यात, अशी मांडणी स्क्रीन रीडरला कळत नाही. अर्थ बदलणारे आवाज चौकोनी कंसात द्या: [हसतात], [बराच वेळ शांतता], [दारावर थाप]. न समजलेल्या जागी अंदाज न करता [अस्पष्ट, ००:१४:३२] अशी खूण करा. वेळेची नोंद दर प्रश्नाला किंवा दर मिनिटाला असू द्या.

देवनागरीत एक अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे वेगळे शब्द. दुसऱ्यातला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचं अदृश्य जोडचिन्ह घालून. तसंच ‘ॲ’ हे एक सबंध अक्षर म्हणूनही येतं आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकासाठी ते वेगळे असतात, आणि शोध रिकामा येतो. एक तऱ्हा ठरवा, प्रत्येक फाइल संग्रहात टाकण्याआधी शोधा-बदला करून एकसारखी करा, आणि शोधयंत्रणेतही दोन्ही रूपं समान धरायला तांत्रिक विभागाला सांगा.

व्हिडिओ असेल तर त्याच शब्दांकनातून कॅप्शन बनवा. एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नको, ओळीत सहा-सात शब्द पुरे, आणि कॅप्शन किमान सेकंदभर तरी टिकलं पाहिजे. वेबसाठी वेबव्हीटीटी हा प्रकार वापरा. फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेत-पद्धतीत साठवा, म्हणजे देवनागरी नीट राहते. एसआरटी या दुसऱ्या कॅप्शन-प्रकारावरून बदलताना सेकंद आणि सहस्रांश यांच्यामधला स्वल्पविराम काढून तिथे टिंब घालावं लागतं. ते राहिलं तर कॅप्शन दिसत नाहीत आणि चूक कुठे झाली हेही कळत नाही.

मुलाखतीसोबत आलेले कागद आणि फोटो

छापील मजकूर ३०० पीपीआयवर (इंचाला ३०० बिंदू) स्कॅन करा, बारीक टाइप किंवा फिकट शाई असेल तर ४०० वर. ए४ आकाराचं रंगीत पान ३०० वर सुमारे २६ एमबी होतं, ४०० वर ४६. मास्टर प्रत टिफमध्ये ठेवा, वापरासाठी जेपेग. ओसीआरसाठी, म्हणजे स्कॅनमधला मजकूर ओळखण्यासाठी, टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर मराठी वाचतं, पण जुन्या छपाईतली जोडाक्षरं आणि तुटलेल्या मात्रा त्याला चकवतात. मजकूर तपासल्याशिवाय लावू नका. हस्तलिखित पत्र सरळ टाइप करणंच बरं.

पीडीएफबद्दल सावध राहा. युनिकोड ही सर्वमान्य अक्षरपद्धत रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये केलेला दस्तऐवज पडद्यावर शुद्ध मराठी दिसतो, आणि स्क्रीन रीडर मात्र निरर्थक रोमन अक्षरं वाचतो. परीक्षा सोपी: एक ओळ निवडून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे मराठी उतरलं नाही, तर अंध वाचकाला ते पान बंद आहे. युनिकोडमधल्या पीडीएफमध्येही ऱ्हस्व वेलांटी कधीकधी जागा सोडते. म्हणून शब्दांकनाचं मुख्य रूप वेबपान हेच ठेवा आणि पीडीएफ उतरवून घेण्यापुरतं द्या.

फोटोला पर्यायी मजकूर (पाहू न शकणाऱ्या वाचकासाठी लिखित वर्णन) लिहिताना ‘छायाचित्र १२’ हे वर्णन नव्हे. ‘हातमागाशी बसलेली बाई, उजव्या हातात धोटा, मागच्या भिंतीवर सुताच्या लडी’, एवढं एक-दोन वाक्यांत सांगा. जे दिसतं तेच लिहा. ‘कष्टाने थकलेली’ हा तुमचा अंदाज झाला. मुलाखतीत तो फोटो ज्या कारणाने आला, ते कारण वर्णनात आलं पाहिजे: बोलणं धोट्याबद्दल असेल तर धोटा सुटता कामा नये. नकाशा, वंशावळ किंवा तक्त्यासाठी लहान वर्णन पुरत नाही. खाली पूर्ण मजकूर द्या.

नोंद आणि सूची

नोंदीसाठी डब्लिन कोअर या सर्वमान्य नोंद-आराखड्याचे पंधरा घटक सुरुवातीला पुरेसे आहेत. तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने लिहा. भाषेच्या रकान्यात बोलीचंही नाव द्या. आणखी एक रकाना स्वतःहून वाढवा: शब्दांकन आहे का, कॅप्शन आहेत का, फोटोंना वर्णन आहे का. वाचकाला फाइल उघडण्याआधी हे कळलं पाहिजे. विषयशब्द निवडताना अधिकृत यादीतला शब्द आणि ज्या समाजाची ही गोष्ट आहे त्या समाजाचा स्वतःचा शब्द, असे दोन्ही ठेवा.

मुलाखतीचे पाच ते आठ मिनिटांचे भाग पाडून प्रत्येकाला वेळ, छोटं शीर्षक, दोन ओळींचा सारांश आणि नावं दिली, की वेळेनुसार सूची तयार होते. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या लुई बी. नन मौखिक इतिहास केंद्राने तयार केलेलं ओएचएमएस हे मुक्त साधन याच कामाचं आहे: वाचक सूचीतल्या ओळीवर दाबतो आणि ध्वनी त्याच क्षणापासून सुरू होतो. जुन्या रेकॉर्डिंगचा मोठा साठा अंगावर असेल, तर आधी सगळ्यांची सूची करा, ती शब्दांकनापेक्षा पुष्कळ लवकर होते. पण सूची झाली म्हणून शब्दांकन टळत नाही. कर्णबधिर वाचकाला सूचीतून फक्त आपण काय गमावतो आहोत तेवढंच कळतं.

वेबवर टाकणं आणि तपासणं

डीस्पेस हे डिजिटल संग्रहाचं सॉफ्टवेअर ग्रंथालयात आधीच असेल तर तेच वापरा. गोष्ट सांगत मांडलेल्या ऑनलाइन प्रदर्शनासाठी ओमेका हे सॉफ्टवेअर सोपं पडतं. सॉफ्टवेअरपेक्षा त्यातला प्लेअर महत्त्वाचा. माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब, एंटर, स्पेस वापरून मुलाखत सुरू करा, थांबवा, पुढे न्या, कॅप्शन लावा. कुठे अडकलात, तर तिथेच वाचकही अडकणार. मोजमाप म्हणून वेब सुगमतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांचा, डब्ल्यूसीएजी २.२ चा, ‘एए’ हा मधला स्तर धरा. ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी रंगभेद किमान ४.५ला १ हवा, मोठ्या अक्षरांना ३ला १ चालतो. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवली आहे का, ते जरूर पाहा. तिथे इंग्रजी राहिली असेल, तर स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातो, आणि एकतर शब्द गाळतो किंवा ओळखू येणार नाहीत असे उच्चारतो.

एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर संगणकावर टाकून ऐका, पण स्वतःच्या ऐकण्यावर विसंबू नका. तो रोज वापरणाऱ्या दोन-तीन जणांना बोलवा, त्यांच्या वेळेचं मानधन द्या आणि काम नेमकं सांगा: ‘ही मुलाखत शोधा, त्यात हातमागाचा भाग कुठे आहे तो काढा, शब्दांकन उतरवून घ्या.’ त्यांना मदत न करता नुसतं पाहा आणि कुठे थांबले ते लिहा. स्वयंचलित तपासणी साधनं पर्यायी मजकूर आहे की नाही एवढं सांगतात. तो उपयोगाचा आहे का, हे त्यांना कळत नाही.

प्रत्येक पानावर चूक कळवायचा आणि मजकूर काढून टाकण्याची विनंती करायचा पत्ता द्या, आणि ती वाचणारा माणूस नेमा. निवेदकाने किंवा त्याच्या घरच्यांनी दुरुस्ती सुचवली, तर तारखेसह नोंद करा आणि जुनी आवृत्तीही जपून ठेवा.

या पहिल्या मुलाखतीच्या प्रत्येक टप्प्याला लागलेले तास पहिल्या दिवसापासून एका तक्त्यात भरत जा. दुसऱ्या टप्प्याचं अंदाजपत्रक त्या आकड्यांवरून मांडा, आणि शब्दांकन व चाचणीचे तास त्यात रेकॉर्डिंगच्याच ओळीत लिहा, म्हणजे कपात आली तर मुलाखतींची संख्या कमी होईल, शब्दांकन सुटणार नाही.